पाठीवरचा हात

अर्जेंटिनाहून आलेल्या कलाकारांचा टँगोचा, म्हणजे तिथल्या जोडीनं करायच्या नाचाचा, प्रयोग होता. बायकोशेजारी मी नर्तकीच्या पायांकडे टक लावून बसलो होतो. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीतल्या बाई टँगोच्या जुन्या वेड्या, एकही प्रयोग न चुकवणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाय काय बघताय? तिच्या पाठीवरचा त्याचा हात बघा."

बघितला. ती डोळे मिटून उलट्या पावलांनी चालत होती. सगळा भरवसा त्या एका तळव्यावर. इतकं निर्धास्त आपल्याबरोबर कधी कोणी चाललंय का?

प्रयोग सुटला. सवयीप्रमाणे मी चार पावलं पुढे. बायको मागे, गर्दीत. मी थांबलो. ती जवळ येऊन म्हणाली, "काही राहिलं का आत?"

मी हात उचलला खरा, पण ठेवायचा कसा, तेच कळेना.