यादी वरून येते

मी घर सोडलं त्या दिवशी अब्बा मला स्टेशनवर सोडायला आले ते कंपनीच्या खाकी शर्टात. आमचं घर औरंगाबादच्या छावणीत आणि त्यांची कंपनी चिकलठाण्याला, म्हणजे स्टेशन काही त्यांच्या वाटेवर नव्हतं. फर्स्ट शिफ्टचा अर्धा तास त्यांनी बुडवला होता आणि ते सारखे घड्याळाकडे बघत होते. मी कोझिकोडला एका फुटबॉल क्लबात कामाला चाललो होतो. खेळायला नव्हे, खेळणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला. हे काम असतं, आणि त्याचा पगार मिळतो, हे अम्मीला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. अब्बांचा प्रश्न वेगळाच होता.

"परमनंट है क्या?"

"अकरा महिन्यांचा करार आहे अब्बा. नंतर वाढवतात."

"बाद में ब्रेक देते," ते म्हणाले. "मेरे कू नक्को समझा." आणि खारीचा पुडा माझ्या बॅगेत कोंबून निघून गेले.

ज्यांच्या घरात कारखान्याचा पगार आला असेल त्यांना 'ब्रेक' समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कंत्राटी माणूस सलग राहिला तर उद्या कायम करा म्हणेल, म्हणून काही महिन्यांनी त्याला घरी बसवायचं आणि मग नव्याने भरती करून घ्यायचं. ब्रेकची यादी गेटवर लागायची. अब्बा अनेक वर्षं त्या यादीत होते. का काढलं म्हणून विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, यादी वरून येते. अब्बा घरी येऊन जेवताना तेच वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचे आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणायचे, "ऊपर कौन बैठा है रे? कोई तो बैठ के लिखता ना."

हे आधीच सांगतो, कारण पुढे ते वाक्य मी वापरलं. सुपरवायझरचं. भागवतसमोर.

भागवत पडेगावचा. घरची थोडी शेती, चार म्हशी. सकाळी छावणीत दूध घालायला वडिलांबरोबर यायचा आणि दूध घालून झालं की मैदानावर थांबायचा. आमच्या मैदानाला तीन बाजूंना चुन्याची रेषा असायची. चौथ्या बाजूला रेषेची गरज नव्हती, तिथे एक खोल दगडी नाली होती. तिच्यात पडलेल्यांचे गुडघे फुटण्याची एक परंपराच होती म्हणा ना. भागवत नालीच्या अंगाला बॅक खेळायचा. चेंडू पायात आला की तो नालीकडे कधी वळायचा नाही, कायम आत वळायचा. शहाणपणच होतं ते.

गडी वाटायची आमची रीत तुम्हाला आठवत असेल. दोन कॅप्टन बाजूला उभे राहायचे आणि बाकीच्यांनी आपापला बरोबरीचा शोधायचा. जो तुझ्याइतका चांगला, किंवा तुझ्याइतकाच वाईट, त्याच्या खांद्यावर हात टाकून लांब जायचं, कानात दोन नावं ठरवायची आणि कॅप्टनसमोर येऊन विचारायचं, "कोन घेतं इंजन, कोन घेतं डबा?" ज्याने इंजन मागितलं त्याच्याकडे इंजन, दुसऱ्याकडे डबा. कोण कोणाच्या तोडीचं हे खेळणारेच ठरवायचे. कॅप्टनच्या हातात फक्त नशीब. ज्याला जोडी मिळायची नाही तो कच्चा लिंबू, दोन्हीकडून खेळणारा, म्हणजे कुणाचाच नाही.

भागवतची जोडी माझ्याशी. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर त्याने कधी हात टाकला नाही. आता या रीतीचा हिशेब असा की जोडीदार कधीच एका बाजूला येत नाहीत. दहाएक वर्षं आम्ही रोज खेळलो आणि एकदाही एका टीममधून खेळलो नाही. त्याचं आम्हाला काही वाटायचंही नाही. समोर भागवत असला की मी आतली वाट अडवून उभा राहायचो, आणि चेंडू माझा.

पुढे आम्ही दोघांनी एका लीगच्या निवडीसाठी नावं दिली. ड्राफ्ट म्हणतात त्याला. कुठल्याशा हॉटेलात क्लबांची माणसं गोल टेबलांना बसतात, समोर खेळाडूंची यादी, आणि पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. आम्ही ते छावणीच्या बाजारात चहाच्या टपरीवर मोबाइलवर बघत होतो. फेऱ्या संपत आल्या तेव्हा भागवतचं नाव उचललं गेलं. त्यानंतर माझं येईल म्हणून आम्ही आणखी दोन चहा घेतले. ते आलं नाही. टपरीवाल्याने सगळ्यांना भागवतच्या नावाची खारी वाटली. मीही खाल्ली. मला फार वाईट वाटलं होतं, ते इतक्या वर्षांनी आज इथे पहिल्यांदा सांगतोय.

मी मग एका फोटोग्राफरकडे लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी करू लागलो. वर्षभराने भागवतच्या कोझिकोडच्या क्लबला मॅचचे व्हिडिओ बघणारा माणूस हवा होता, तर भागवत कोचसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या हिंदीत म्हणाला, मेरा जोडीदार है, बहुत बारीक देखता है. माझी नोकरी या एका वाक्यावर लागली. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उसका अहसान याद रखना." मी 'हौ' म्हणालो.

कोझिकोड चांगलं शहर आहे. तिथे रिक्षावाला ऑफसाइडवर वाद घालतो. मी भात खायला शिकलो, समुद्राच्या घामट हवेत झोपायला शिकलो, आणि फोनवर अम्मीला 'ठीक आहे'च्या ऐवजी 'शरी' म्हणू लागलो. अम्मी विचारायची, कौन शरी? दुपारी चायाबरोबर, म्हणजे चहाबरोबर, केळ्याची भजी मिळतात, ती मला आता भाकरीपेक्षा जास्त आठवतात, हे कबूल करून टाकतो. मी निघालो तेव्हा तिकिटावर औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर असतं. घरात दोन्ही नावं चालतात. मी तिकडच्या लोकांना अजिंठा-वेरूळजवळ म्हणून सांगतो आणि सुटतो.

चार मोसम आम्ही दोघं एका क्लबात होतो. आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला. तो मैदानात, मी काचेमागे लॅपटॉप घेऊन. म्हणजे त्याला पारखायचं काम माझ्याकडे आलं होतं, ही अडचण तेव्हा लक्षात आली नाही.

मोसम संपला की क्लबात एक बैठक होते. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला दुसऱ्या क्लबाकडे वर्षभर उसना द्यायचा. रिटेन, रिलीज, लोन. भागवतच्या करारात क्लबाच्या मर्जीचं एक जादा वर्ष होतं. ते द्यायचं, की ती जागा मोकळी करून ड्राफ्टमधून ताज्या दमाचा लेफ्ट बॅक उचलायचा, एवढाच प्रश्न होता. कोच माझ्याकडे वळून म्हणाले, जावेद, तू त्याला सगळ्यांत जास्त ओळखतोस, तुझं मत लिही.

मी लिहिलं. मांडीचा स्नायू दुखावल्यापासून वेग कमी झालाय, हे आकड्यांतच होतं. त्याखाली मी एक ओळ जास्तीची लिहिली: चेंडू पायात असताना हा खेळाडू रेषेकडे कधीच वळत नाही, आतच वळतो, आणि समोरचे आता तिथे दबा धरून उभे राहतात. हे बैठकीतल्या दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. का वळत नाही, ते मला माहीत होतं. ते लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. शेवटी मी 'रिलीज' या शब्दाखाली खूण केली. मत बरोबर होतं. नवा लेफ्ट बॅक चांगला निघाला. आजही तो फॉर्म समोर ठेवला तर मी तिथेच खूण करीन.

चूक मी दुसऱ्या दिवशी केली. भागवत माझ्या खोलीत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मेल आलाय. सोडलंय मला. तुला माहीत व्हतं का?"

मी म्हणालो, "यादी वरून येते."

तो उठून सामान भरायला गेला. दोन दिवसांनी मी त्याला स्टेशनवर सोडलं, बिस्किटांचा पुडा दिला. गाडी हलली तरी मी खरं बोललो नाही. मला स्वतःची शरम वाटत होती आणि शरम वाटणारा माणूस फार पुडे देतो.

त्यानंतर दोन वर्षं आमचे फोन व्हायचे, पण हवापाण्याचे. तो पडेगावला शेती बघू लागला आणि एका शाळेत खेळाचा तास घेऊ लागला. मी दरवेळी फोन उचलताना ठरवायचो की आज सांगायचं, आणि म्हशींची चौकशी करून ठेवून द्यायचो.

गेल्या ईदला घरी गेलो. अब्बा आता रिटायर झालेत. ईदनंतरच्या रविवारी सकाळी त्यांनीच हटकलं, "ग्राउंड पे नै जाता? तेरा जोडीदार हर इतवार आता." गेलो. पोटं सुटलेली आमची सगळी मंडळी बुटांच्या नाड्या बांधत होती. भागवत मोटारसायकलवरून आला, मला बघून हात केला. गडी वाटायची वेळ झाली आणि लोक जोड्या करू लागले. मी एकटा उभा होतो. कुणीतरी ओरडलं, "पाव्हण्याला कच्चा लिंबू घ्या रे!" सगळे हसले.

मी भागवतकडे गेलो आणि एका दमात म्हणालो, "ती यादी वरून आली नव्हती. तुझं नाव मी लिहिलं होतं."

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गाडीत बसायच्या आधीपासून. सोडायचं कारन मागितलं, तर त्यांनी कागद धाडला. लिहिनाऱ्याचं नाव खोडलेलं व्हतं." त्याने मैदानाच्या त्या अंगाकडे मान वळवली. नाली आता बुजवलीय, वर सिमेंटच्या लाद्या आहेत. "मी रेषेकडं वळत नाय, हे त्या केरळात कुनाला ठाव असनार? नालीत पडलेल्यालाच. वाचलं अन् म्हनलं, जावेद्याच हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"लिहिलं ते खरंच व्हतं की. त्याचा लई राग नाय. तू खोटं बोललास, त्याचा आला. म्हनलं, बघू कवा सांगतो. दोन वर्सं लावलीस लेका."

मी माफ कर म्हणालो, पण इतकं हळू की त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. कॅप्टन ओरडत होते, जोड्या संपल्या का म्हणून. भागवतचा जोडीदार कोण झालाय हे बघायला मी इकडेतिकडे नजर टाकली. कुणीच झालेलं नव्हतं. दर रविवारी तोच कच्चा लिंबू असतो, हे कुणीतरी मग सांगितलं.

मैदानावरच्या तुमच्यापैकी जे छावणी सोडून निघून गेले ते मला विचारतात, परत कधी येणार, आणि जे राहिले ते आता विचारत नाहीत. घर म्हणजे आई, अंगण, मातीचा वास वगैरे लोक लिहितात. माझ्यापुरतं घर एवढंच आहे की तिथे एक माणूस माझा खोटेपणा ओळखून होता आणि तरी दर रविवारी बिनजोडीचा यायचा.

त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला लांब नेलं. "नावं मी ठेवतो," कानाशी लागून म्हणाला. "मी परमनंट. तू ब्रेक."

आम्ही कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिलो. "कोन घेतं परमनंट, कोन घेतं ब्रेक?" त्याने विचारलं. अख्खं आयुष्य चिकलठाण्याला काढलेल्यांची पोरं ती, पहिल्या कॅप्टनने श्वासही न घेता परमनंट मागितलं. भागवत तिकडे गेला. मी त्याच्या समोरच्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागी, जाऊन उभा राहिलो.