नावाचा नंबर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. ताईच्या शिक्षकभरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मोडेमचे दिवे लागलेले, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडेना. ‘सर्व्हरचा पत्ता सापडत नाही’ एवढंच येई. ताई रडकुंडीला आली. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकू धावत आल्या. “काहून रडून राहिली वं? नेट सुरू हाये. नावावरून नंबर सांगणाराच झोपला. दुसऱ्याले विचारू!” त्यांनी सेटिंगमधले डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणाऱ्या सर्व्हरचे, जुने आकडे पुसून दुसऱ्या सर्व्हरचे टाकले. पान उघडलं, अर्ज गेला. परवा ताईला नोकरी लागली त्या हिवरखेडच्या शाळेत गेलो, तर ताई फळ्याशी उभी राहून शिकवत होती आणि तिच्यासोबत अख्खा वर्ग हसत होता. मी दारातच थांबलो.