आप्पांचा मेंढरांसोबतचा फोटो

कारखान्यांना जमीन गेली आणि माझे चुलते, आप्पा, एकदम मोठे झाले. म्हणजे माणूस होता तेवढाच राहिला. आवाज आणि पोट वाढलं. कारेगावात दुमजली घर, कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, दारात पांढरी जीप. घरचे फिरायला निघाले की मलाही उचललं जायचं, कारण शिरूरला माझा फोटो स्टुडिओ होता. महाबळेश्वर असो की गणपतीपुळे, माझ्या निगेटिव्हमध्ये ना डोंगर आहे ना समुद्र. बॉनेटवर हात ठेवलेले आप्पा तेवढे आहेत.

एका उन्हाळ्यात वरवंडला आमच्या मेंढपाळ समाजाचा मेळावा होता. मागच्या सीटवर माझी आत्या बसली होती, आप्पांची थोरली बहीण. तिची निम्मी हयात मेंढरांमागं कोकणात जाण्यायेण्यात गेलेली. आप्पाही मिसरूड फुटेपर्यंत तेच करत होते, पण ते घरात कुणी बोलायचं नाही.

न्हावऱ्याच्या पुढं मेंढरांचा कळप रस्त्यात आला. आप्पांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. खिडकीतून डोकं काढून म्हाताऱ्या मेंढक्याला म्हणाले, "ए, गाडीला ओरखडा उठला तर सोलून काढीन."

"दम धर जरा," आत्या म्हणाली. "गाभण हायेत त्यातल्या काही."

"तू गप बस आक्का."

मेळाव्यात मांडवाच्या कडेनं जुने फोटो लावले होते. कुणाचा बाप कळपासोबत, कुणाची आई घोड्यावर बिऱ्हाड लादताना. पाहुण्यांनी मेंढरांचं तासभर कौतुक केलं. ज्यांनी वीस वर्षं घोंगडी माळ्यावर लपवून ठेवली होती, ते रुमालानं डोळे पुसत होते. शेवटी जाहीर झालं की स्मरणिका निघणार आहे, राहिलेल्यांनी फोटो पाठवावेत. आप्पांकडं एकही नव्हता. त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

परतताना ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेंढरं शोधत होते. सकाळचाच कळप एका कांद्याच्या मोकळ्या वावरात बसलेला दिसला. आप्पा उतरले आणि म्हाताऱ्याला चक्क मामा म्हणाले.

"सकाळचा हॉर्न तुमचाच नव्हं?" त्यानं विचारलं.

आप्पा हसले. त्याचं घोंगडं खांद्यावर घेतलं, काठी हातात घेतली. पण आप्पा जवळ गेले की मेंढरं पांगायची. तीनदा तसंच झालं. मग म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला, त्यानं जिभेनं टकटक आवाज काढला आणि सगळी मेंढरं त्याच्या पायाशी गोळा झाली. मी बटण दाबलं.

पलीकडं आत्या एक कोकरू मांडीवर घेऊन त्याच्या खुरात रुतलेला काटा काढत होती. इतकी रमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. कॅमेरा तिच्याकडं वळवला.

"तिचा कशाला? रोल वाया घालवू नको," आप्पा म्हणाले. मी कॅमेरा खाली घेतला.

स्मरणिकेसाठी त्यांना फोटोत एकट्यालाच राहायचं होतं. मी म्हाताऱ्याला कापून प्रिंट काढली. ती छापून आली, खाली 'परंपरा जपणारे' असं लिहून. आठवडाभर लोक घरी येऊन आप्पांना हार घालत होते, आणि ते खाली मान घालून विनयानं घेत होते.

मी आत्याला एक प्रत दिली. तिनं ती उजेडात धरली.

"मेंढका कुठं गेला?"

"कापला."

"घोंगडं त्याचं, काठी त्याची, मेंढरं त्याची. आन् त्योच न्हाई." मग तिनं विचारलं, "कापला कुणी? आप्पानं?"

"मीच."

"व्हय," एवढंच ती म्हणाली. फोटो माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्या दिवाळीत आप्पांनी तुळजापूरची सहल ठरवली. आत्याही येणार होती, म्हणून मी दोन रोल जास्तच घेतले.