सबनीसबाईंच्या पाच जावा

सबनीसबाई कॉम्प्युटरच्या डिस्क एका दुकानातून एकापेक्षा जास्त कधीच घेत नसत. पाच हव्या असल्या तर दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारातली पाच दुकानं, तीही वेगवेगळ्या दिवशी. दुकानदार गयावया करी, "मॅडम, पाँचों यहीं से ले लो!" बाई म्हणत, "भैया, एक पेटी की पाँचों एक साथ बूढ़ी होंगी. मुझे बारी-बारी से मरनेवाली चाहिए."

गुडगावात तेव्हा शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. तसल्याच एका कंपनीत बाई सर्व्हर सांभाळत आणि मी सर्व्हरच्या खोलीचा एसी. माझी शाळा सातवीत सुटलेली, गाव हिंगोलीकडे. नोकरी जाईल या धास्तीने मी शिंकतानाही इकडेतिकडे बघायचो. बाई माझ्याशी मराठीत बोलत, एवढ्यानेच मला जेवल्यासारखं वाटे.

"पाच जावा समज," त्यांनी मला डिस्कचं गणित सांगितलं होतं. "प्रत्येकीकडे आपलं काम, शिवाय बाकीच्यांचं थोडं थोडं ठाऊक. एक आडवी पडली तर चौघी निभावतात. पण तेवढ्यात दुसरी पडली, की चूलच बंद."

एका जानेवारीत बाई रजेवर असताना सर्व्हर टीं टीं करू लागला. मॅनेजर खन्नासाहेबांनी वैतागून भोंगाच बंद केला. काम तर चालू होतं! दोन दिवसांनी बाई आल्या, तांबडा दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला. साहेबांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "ये एसी ठीक से नहीं चलाता. इसको बदलो."



"बदलनी है तो डिस्क बदलेंगे," बाई म्हणाल्या. "कमरा इतना ठंडा है कि मेरे दाँत बजते हैं."

नवी डिस्क बसली. आता उरलेल्या चौघींनी मिळून तिला सगळं पढवायचं होतं, आणि त्या कष्टात आणखी एखादी कोसळली असती तर कंपनीचं सारं काम बुडालं असतं. बाईंनी सगळ्यांना कॉम्प्युटरवरून उठवून गच्चीवर उन्हात पिटाळलं आणि स्वतः दारात स्टूल टाकून मटार सोलत बसल्या. साहेब घुटमळत आले. "बस एक छोटी सी फाइल, मॅडम..."

"जच्चा के कमरे में फाइल नहीं माँगते, सर," बाईंनी सर्व्हरची बाळंतीणच करून टाकली. "बैठिए, मटर छीलिए."

साहेबांनी सोलले.

संध्याकाळी दिवा हिरवा झाला. मी बाईंना हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "ते राहू दे. गावी कधी गेला होतास?"

"तीन वर्षं झाली. मागे एसी कोण बघणार?" आणि कुणी बघितलाच, तर मला परत कोण घेणार, हे मी बोललो नाही. त्यांना ते कळलं.

"डिस्क पाच ठेवल्यात, आणि माणूस एकटाच? बिल्कुल नाही चालणार."

त्यांनी मला आठ दिवस घरी धाडलं. माझ्या जागी नेमले खन्नासाहेब.

परतलो तेव्हा साहेब पँट दुमडून नळाखाली एसीची जाळी घासत होते आणि बाई शेजारी उभ्या राहून कोपरे दाखवत होत्या. मला बघून साहेब ओरडले, "आ गया मेरा भाई! अब तू कहीं नहीं जाएगा!"

"साल में दो बार जाएगा, सर," बाई म्हणाल्या. "नहीं तो आप सीखा हुआ भूल जाएँगे."

बाई निवृत्त होईपर्यंत मी वर्षातून दोनदा गावी जात राहिलो, आणि साहेब जाळी धूत राहिले.