आईच्या फोनचा वेग

आज खडकीला आईबाबांकडे गेले होते. आईच्या फोनवर बँकेचं ॲप उघडेना. बघते तर डेव्हलपर ऑप्शन्स चालू! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठीच्या, लपवून ठेवलेल्या सेटिंग्ज या; त्या चालू असल्या की बँकेचं ॲप अडून बसतं. मी भडकलेच. "बाबा, हे धोक्याचं असतं. कोणी सांगितलं होतं?"

"व्हिडिओ बघून केलं," बाबा म्हणाले. "आजारपणानंतर तुझ्या आईला स्क्रीन झटकन बदलली की काही कळत नाही गं. तिथे वेग कमी करता येतो."

खरंच, आईच्या फोनवर प्रत्येक स्क्रीन सावकाश सरकत होती. ऑप्शन्स बंद केले की ॲप उघडणार, पण वेगही पूर्वीसारखा होणार.

"राहू दे. बँकेत मी जाऊन येत जाईन," बाबा म्हणाले.

मी काहीच बंद केलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनो, धोक्याच्या सेटिंग्ज लपवा खुशाल. पण आईचा वेग त्यांच्यात कशाला लपवलात?