सव्वा तासाचं अंतर

भुताखेताचं बोलणं निघालं की मी अर्धा चहा टाकून उठणारा माणूस. अजूनही तसाच आहे. तरी हे इथं लिहितोय, कारण घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

आमचं घर कंग्राळीत, बेळगावला अगदी खेटून. मी नोकरीला बेंगळूरला. निघालो तेव्हा वडील, म्हणजे आमचे आप्पा, लई नाराज होते. मी समजूत काढली – "रस्त्यानं रातभर लागतंय आप्पा, पण विमानानं सव्वा तास. कवाबी हाक मारा, न्याहारीला हजर." तेव्हापासून बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की ते शेजाऱ्यांना सांगायचे, "सव्वा तासात येतंय माझं पोरगं."

गेल्या हिवाळ्यात आक्काचा, थोरल्या बहिणीचा फोन आला. "आप्पांनी अन्न सोडलंय. पाणी तुझ्याच हातनं घेणार म्हणत्यात. ये रं." शेवटचं पाणी मुलानं पाजायचं, ही आमच्याकडची रीत. मी सकाळचं पहिलं विमान धरलं.

विमान वेळेत आलं… पण खाली दाट धुकं. सांबऱ्यावर घिरट्या सुरू झाल्या. खाली माझं गाव, आणि मी वर पट्टा बांधून बसलेला. इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. शेवटी हुबळीला उतरवलं. तिथनं टॅक्सी केली. वाटेत आक्काला फोन लावत होतो, ती उचलत नव्हती. घरी पोचलो तर दारात माणसं जमलेली. आप्पा गेले होते.

मी उंबऱ्यातच बसलो. म्हटलं, "आक्का, पाणी राहिलं गं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "राहिलं कुठं? पाजलास की. विमानाच्या टायमालाच आलतास. तुळशीचं पान ठेवून पाणी पाजलास. आप्पा हसलेसुद्धा. मग मागच्या दारानं गेलास, ते आत्ता येतोयस व्हय?"

मला वाटलं, रडून रडून हिचं डोकं फिरलंय. पण शेजारच्या काकूंनीही मान हलवली. पाण्याचा तांब्या म्हणे त्यांनीच माझ्या हातात दिला होता.

मी बोर्डिंग पास काढला. टॅक्सीवाल्याला आत बोलावलं. हुबळीपासनं हे माझ्याच गाडीत आहेत, असं तो बिचारा सांगत होता. आक्कानं ऐकून घेतलं नाही.

"कागद दाखवू नकोस मला. तू गेल्यावर आप्पा दाराकडंच बघत हुते. कुठं गेला गं ह्यो, जरा बस म्हण त्याला… हेच म्हणत गेले. थोडा वेळ बसला असतास तर काय बिघडत हुतं?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एक डॉक्टर मित्र म्हणाला, भास असेल. दोघींना एकच भास? आणि तांब्या कुणी घेतला? विमानात माझा डोळाही लागला नव्हता. विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली, पण काही हाती लागत नाही.

गावातली माणसं म्हणतात, नशीबवान आहेस, बापाला पाणी तरी पाजलंस. मी मान डोलावतो. तो घोट माझ्या हातनं गेला असेल, तर मला त्यातलं काहीच का आठवत नाही? आणि गेला नसेल, तर आप्पा कुणाच्या हातचं पाणी प्यायले?

एवढंच कळतंय – मी आलो असतो, तर तिथनं उठलोच नसतो. आक्कानं निदान तेवढं तरी ओळखायला हवं होतं.