पाण्यात बुडणारा बेडूक

"मोक्ष काय पळून जातोय, सूनबाई? तोवर एक डाव लाव."

दुपारची जेवणं उरकली की काका आमच्या दारात उभे राहून हेच म्हणायचे. मग चपला बाहेर, छत्री कोपऱ्यात, धोतराचा सोगा मांडीखाली आणि हातात व्हिडिओ गेमचा रिमोट.

मी काही त्यांची सून नव्हे. आमच्या रामघाटाच्या गल्लीतली प्रत्येक लेकुरवाळी त्यांची सूनबाईच होती. मी सांगलीहून लग्न होऊन काशीत आले. नवरा बँकेत, रस्त्याकडची खोली रिकामी, आणि मला रिकामं बसवत नाही. दोन जुने टीव्ही आणले, त्यांना गेमची मशिनं जोडली आणि बाहेर पाटी लावली. नव्वदीच्या त्या दिवसांत पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. "भटजींच्या गल्लीत ही काय थेरं?" असं म्हणणाऱ्यांचीच नातवंडं शाळा सुटली की आधी माझ्याकडे यायची. मी कशाला कोणाचं ऐकून घेऊ?

दुपारी मात्र पोरं नसायची. तेव्हा खोली काकांची.

काका मालगाडीचे गार्ड होते. जन्मभर शेवटच्या डब्यात बसून सगळा देश पाहिलेला माणूस. डाव जिंकले की हात वर करून हिरवी झेंडी हलवल्यासारखा करायचे आणि म्हणायचे, "ऑल राइट!" हरले की म्हणायचे, "सिग्नल नाही."

असा माणूस काशीत अडकला होता, आणि तोही स्वतःच्या तोंडानं. क्षेत्रसंन्यास म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, असा संकल्प सोडायचा. काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, काशीत देह ठेवायचा होता. निवृत्तीनंतर दोघं सामान बांधून निघाली. मुगलसराय गेलं, आणि गंगेचा पूल यायच्या आतच काकू गाडीत गेल्या. फक्त नदी ओलांडायची राहिली होती. काकांनी तेराव्याला सगळ्या रामघाटासमोर संकल्पाचं पाणी सोडलं, "हिची राहिलेली काशी मी पुरी करीन. माझं पुण्य तिचं." त्या दिवसापासून गल्लीतले लोक त्यांच्या पाया पडू लागले. एकदा लोक पाया पडायला लागले की माणसाचं हलणंच बंद होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका बाजूला अस्सी नदी, दुसरीकडे वरुणा, समोर गंगा. एवढ्यात गार्डसाहेब.

म्हणून त्यांची गेमची क्रमवारी सगळ्यांहून वेगळी असायची. पोरं चित्र बघायची, मारामारी बघायची. काका नवीन कॅसेट लावली की आधी विचारायचे, "यात बाहेर पडता येतं का?" रस्त्यावर मोटारी पळवायचा गेम त्यांच्या यादीत वरचा. उड्या मारत पुढे जायचा गेम त्याच्या खाली, कारण त्यात पुढे गेलं की मागचं दिसेनासं होतं. "आमची गार्डाची जात. मागचं दिसल्याशिवाय जेवण गोड लागत नाही." भुतं मागे लागतात तो भुलभुलैयाचा गेम खेळताना ते पोट धरून हसायचे. "बघ बघ, या भोकातून बाहेर पडला आणि त्या भोकातून परत आत आला! आपलीच गल्ली आहे ही."

बत्ती गेली की, आणि बनारसात ती जायचीच, आम्ही अंधाऱ्या खोलीत ओळखा-ओळखी खेळायचो. कोणाचा आवडता गेम कुठला? काकांचा हात कोणी धरूच शकत नव्हतं. दूधवाल्यानं एकदा नुसतं आत डोकावलं, तर म्हणाले, "हा बदकांवर बंदूक चालवणार. दिवसभर लोक याला दुधात पाणी घातलंस म्हणतात, राग कुठेतरी काढायला नको?" आणि बत्ती आल्यावर मेल्यानं आत येऊन बंदूकच मागितली! माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वरून पडणारे ठोकळे. बँकेचा माणूस, रिकामी फट दिसली की भरतो." मला म्हणाले, "तुझा रणगाड्यांचा. त्यात राखायचं असतं त्या पाखराभोवतीची एक वीट पडली की केवढ्यानं ओरडतेस! घर राखणारी आहेस." मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी चहात आलं जास्त पडलं.

"आणि तुमचा, काका? पहिला नंबर?"

"ओळख."

मोटारी म्हटलं, नाही. विमान म्हटलं, नाही. सगळ्या गल्लीनं डोकं चालवलं, कोणाला जमेना. शेवटचा नंबर मात्र त्यांनी आपण होऊन सांगितला होता. एक बेडूक असतो. त्याला आधी मोटारींतून रस्ता ओलांडायचा, मग वाहत्या ओंडक्यांवरून उड्या मारत नदी. पाण्यात पडला की मेला. काका चिडायचे. "बेडूक आणि पाण्यात बुडतो? कुठल्या गाढवानं बनवलाय! काढ ती कॅसेट." दुसऱ्या टीव्हीवर कोणी तो लावला तर ते छत्री उचलून घरी जायचे.

काकांना मूलबाळ नव्हतं. रक्ताचं माणूस म्हणजे एक धाकटी बहीण, नदीपलीकडे रामनगरात. विधवा, मुलाबरोबर राहायची. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, ही आपली रीत. इथे सगळं उलटं. बहीणच ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून नावेतून यायची, काकांना ओवाळायची आणि ऊन उतरायच्या आत परत जायची. काका घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत सोडायला जायचे. पुढे पाणी.

मग एका दिवाळीत तिचा मुलगा एकटाच आला. काका माझ्याकडेच बसले होते. तो दारातून म्हणाला, "मामा, आईनं अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, आता भरवसा नाही. ती म्हणते, या वर्षी दादाला म्हणावं तूच ये."

काकांनी रिमोट खाली ठेवला. टीव्हीवर त्यांची मोटार रस्ता सोडून भिंतीवर आपटली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, बहिणीसाठी घेतलेलं पातळ काखेत मारून घाटावर गेले. मी गच्चीतून पाहत होते. मनात म्हटलं, जा हो काका, एकदाचे जा! ते नावेत बसले. नावाड्यानं दोरी सोडलीसुद्धा. तेवढ्यात पायऱ्या चढणारे शेजारचे शास्त्रीबुवा थांबले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी लवून नमस्कार केला. तोंडातून एक शब्द नाही. ते ओरडले असते तर काका गेले असते, असं मला आजही वाटतं. काका तसेच उठले. नाव हेलकावली. पाण्यात एक पाय भिजवून ते पायरीवर परत आले.

माझ्याकडे आले तेव्हा पातळ काखेतच होतं. "मी गेलो असतो तर हिची काशी बुडाली असती, सूनबाई. पुन्हा पुलाच्या अलीकडेच राहिली असती."

"आणि जिवंत आहे तिचं काय?" मी बोलले. मला राहवेना.

"एक डाव लाव," काका म्हणाले. मी लावला. ते खेळले नाहीत.

चार दिवसांनी बहीण गेली. रामनगरचे लोक आपली माणसं मणिकर्णिकेवर आणतात, तशी तिलाही नावेतून आणली. काका पायऱ्यांवर उभे होते, मी आणि माझा नवरा मागे. नाव काठाला लागली. काकांनी ते पातळ उलगडून तिच्या अंगावर घातलं, नीट टोकं ओढून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. या वर्षीही तीच आली."

दिवसकार्य आटोपलं आणि एका दुपारी काका आले. मोक्षाचं वाक्य म्हणाले नाहीत. "बेडकाचा लाव," एवढंच म्हणाले.

मी कॅसेट घातली. पहिला बेडूक मोटारीखाली गेला. दुसरा पाण्यात पडला. काका म्हणाले, "गाढवानं नाही बनवलेला. हा काशीचा बेडूक असणार. पाण्यात पाय टाकला की संपला." मग एक बेडूक ओंडक्या-ओंडक्यांवरून वरच्या काठाला पोचला आणि मशिनमधून छोटीशी धून वाजली. काकांनी झेंडीसाठी हात वर केला नाही.

"हाच माझा पहिला नंबर," ते म्हणाले. "रोज डोळे मिटून हाच खेळतो. तुमच्यासमोर खेळायचा धीर नव्हता."

त्यानंतर ते यायचे, बसायचे, पण रिमोट क्वचितच घ्यायचे. पुढच्या थंडीत एका सकाळी अंथरुणातच गेले. सगळी गल्ली म्हणाली, भाग्यवान, संकल्प पुरा झाला. भाग्यवान म्हणे! मला इतका संताप आला होता की मी आत जाऊन भांडी आपटली.

अग्नी भाच्यानं दिला. अस्थी घेऊन तो नावेत बसला तेव्हा मीही जाऊन बसले. बायका जात नाहीत म्हणतात, म्हणोत. मधल्या धारेला भाचा कलशाचं फडकं सोडायला लागला.

"इथे नको," मी म्हटलं आणि नावाड्याकडे वळले. "भैया, उस पार ले चलो. रामनगर."

"अहो वहिनी, पण मामाचा नेम..."

"नेम जिवंतपणीचा होता. तो त्यांनी पाळला. आता बहिणीकडे जाऊ दे त्यांना."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा बांधलं. नावाडी वल्ही मारत राहिला. बऱ्याच वेळानं रामनगरचा काठ आला आणि नाव वाळूला घासून थांबली. भाचा कलश घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. काका इतक्या वर्षांनी नदीच्या या बाजूला आले होते. धून कुठली वाजणार? थोडं पुढे कोणीतरी कपडे धूत होतं, तेवढाच आवाज.

मी नावेतच उभी राहिले, हात वर केला आणि झेंडीसारखा हलवला. "ऑल राइट, काका," असं म्हणायचं होतं. रडू आलं, म्हणता आलं नाही.